वकील शोधण्याआधी

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकातून अदालत रोडला लागलं की दोन प्रकारच्या पाट्या दिसतात. जिल्हा न्यायालयाच्या आसपास वकिलांच्या छोट्या, काळ्या-पांढऱ्या पाट्या: नाव, पदवी, फार तर नोटरी असल्याचा उल्लेख. शहरातल्या बाजारपेठांत दुसऱ्या मजल्यावरच्या पाट्या मात्र रंगीत. त्यांवर विमान, मेपलचं पान, जर्मन झेंडा आणि ‘व्हिसाची हमी’. पहिल्या पाटीवाल्यांना जाहिरात करायला बंदी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाने स्वतःची जाहिरात करायची नसते. २००८ मध्ये नियम थोडा सैल झाला तो एवढाच, की वेबसाइटवर नाव, पत्ता, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र देता येतं. दुसऱ्या पाटीवाल्यांवर असं कोणतंच बंधन नाही. पंजाबने एजंटांच्या फसवणुकीला कंटाळून २०१२ मध्ये परवान्याचा कायदा केला. महाराष्ट्रात व्हिसाचा सल्ला देणाऱ्याला तसा स्वतंत्र परवाना लागत नाही.

म्हणून सिडकोतल्या किंवा उस्मानपुऱ्यातल्या एखाद्या घरातून ‘चांगला इमिग्रेशनचा वकील सांगा हो’ अशी विचारणा होते, तेव्हा बहुतेक वेळा पत्ता मिळतो तो रंगीत पाटीचा. हा दोष त्या घराचा नाही. ‘इमिग्रेशनचा वकील’ नावाचा वेगळा प्राणी आपल्याकडे नाहीच. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच सनद देते. त्या सनदेवर पैठणच्या न्यायालयातही उभं राहता येतं आणि दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयातही. अमेरिकेच्या इमिग्रेशन न्यायालयात ती चालत नाही. उलट बाजूने २०१८ मध्ये ए. के. बालाजी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी वकिलाला इथे वकिली करता येणार नाही. आपल्या अशिलाला परदेशी कायद्याचा सल्ला देण्यापुरतं अधूनमधून येऊन जाता येईल, एवढीच मुभा. २०२३ नंतर बार कौन्सिलने न्यायालयाबाहेरच्या कामासाठी दार किलकिलं केलं, पण ते मोठ्या कंपन्यांच्या करारमदारांसाठी. सिडकोतल्या घराला त्याचा काही उपयोग नाही.

तेव्हा वकिलाचं नाव हा दुसरा प्रश्न. आपली अडचण नेमक्या कोणाच्या कायद्यातली आहे, हा पहिला. तो सुटला तर वकील सापडायला फार वेळ लागत नाही. तो न सोडवता शोधलेला वकील कितीही नामांकित असला तरी चुकीच्या दारावर उभा असतो.

ही गोष्ट मराठवाड्याच्या माणसाला खरं तर शिकवावी लागू नये. या शहरातल्या न्यायालयाच्या रस्त्याच्या नावातच उर्दू आहे. वकालतनामा, सनद, फिर्याद, मुन्सफ हे शब्द आपल्या आजोबांनी शाळेत शिकले नाहीत, तारखांना चकरा मारून शिकले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथला शेवटचा शब्द निजामाचा होता. त्यानंतर आठ वर्षं हैदराबाद राज्य, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य. माणूस, जमीन, गाव तेच, वरचं न्यायालय मात्र हैदराबादहून उचलून साडेतीनशे किलोमीटरवरच्या मुंबईला नेऊन ठेवलं. अपील करायचं म्हणजे रात्रीची गाडी, मुंबईत उतरायची सोय आणि ओळखीपाळखीचा नसलेला वकील. परक्या व्यवस्थेत वकील शोधण्याचं प्रशिक्षण इथल्या दोन पिढ्यांनी पासपोर्ट न काढता घेतलं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा जन्मही सोपा नव्हता. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी २७ ऑगस्ट १९८१ पासून राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) चा आधार घेऊन न्यायमूर्ती इथे बसवले. त्याला आव्हान मिळालं आणि मुंबई उच्च न्यायालयानेच ती व्यवस्था रद्द ठरवली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ मध्ये नारायण शामराव पुराणिक खटल्याच्या निकालाने खंडपीठ वाचलं. १९८४ मध्ये ते कायम झालं. त्याच कलमाने १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा इथल्या जुन्या वकिलांना आपलेच दिवस आठवले असतील. शहराचं नाव बदललं, खंडपीठाच्या आदेशांवर मात्र अजून ‘औरंगाबाद’ छापून येतं.

आणि कायद्याचे थर? गोदावरी ओलांडून वैजापूर तालुक्यातून अहिल्यानगर जिल्ह्यात गेलं की कूळकायदा बदलतो. पलीकडे १९४८ चा मुंबईचा, अलीकडे १९५० चा हैदराबादचा, तिकडे विदर्भात १९५८ चा आणखी तिसरा. एक राज्य, एक सरकार, एकच सातबारा, आणि तीन कूळकायदे. ज्या माणसाला ‘ही जमीन कोणत्या कूळकायद्याखाली’ हा प्रश्न कळतो, त्याला ‘हा विषय वॉशिंग्टनचा की टेक्सासचा’ हा प्रश्न कळायला अडचण येऊ नये.

अमेरिकेचं गणित असं आहे. देशात कोणी यायचं, किती दिवस राहायचं, कोणाला ग्रीन कार्ड, कोणाला नागरिकत्व, कोणाला परत पाठवायचं, हा सगळा केंद्राचा म्हणजे फेडरल कायदा. लग्न, घटस्फोट, मुलाचा ताबा, घरभाडं, गाडीचा परवाना, मारामारी, दारू पिऊन गाडी चालवणं, हे मुख्यतः ज्याच्या त्याच्या राज्याचं. वकिलाला परवाना मात्र राज्य देतं, केंद्र नाही. यातून एक चमत्कारिक पण आपल्या फायद्याची गोष्ट निघते. टेक्सासचा परवाना असलेला वकील न्यू जर्सीत राहणाऱ्या तुमच्या मुलीचं इमिग्रेशनचं काम करू शकतो, कारण ते काम फेडरल आहे. तिचा घटस्फोट मात्र तो चालवू शकत नाही, त्यासाठी न्यू जर्सीचाच वकील हवा. ‘आमच्या गावाजवळ चांगला इमिग्रेशन वकील नाही’ ही तक्रार म्हणूनच अमेरिकेत फारशी खरी नसते.

हे दुहेरी गणित किती जुनं आहे ते पाहायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मराठी माणूस थबकतो. जन्म अहमदाबादचा, १८७५ चा. १९०६ मध्ये अमेरिकेत गेले, १९१४ मध्ये नागरिक झाले, १९१७ मध्ये कॅलिफोर्नियाची वकिलीची सनद मिळवली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा थिंड यांची बाजू मांडणाऱ्यांत पंडित होते. तेव्हाच्या कायद्याने नागरिकत्व ‘गोऱ्या व्यक्तीं’ना मिळे, आणि आर्य वंशाच्या आधारावर हिंदुस्थानी माणूस त्यात बसतो असा थिंड यांचा दावा होता. आज वाचताना तो युक्तिवाद नकोसा वाटतो, पण त्या कायद्याने दुसरी वाट ठेवली नव्हती. १९ फेब्रुवारी १९२३ ला न्यायालयाने दावा फेटाळला. त्यानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली. पुढचा नंबर खुद्द वकिलाचा लागला.

इथे पंडितांनी जे केलं त्यात पट्टीचा वकील दिसतो. वंशाचा वाद त्यांनी पुन्हा उकरला नाही, तो हरलेला होता. त्यांना नागरिकत्व दिलं होतं ते लॉस एंजेलिस काउंटीच्या सुपीरियर कोर्टाने, म्हणजे राज्याच्या न्यायालयाने. त्या काळी हे काम राज्याची न्यायालयंही करत. पंडितांचं म्हणणं असं, की सक्षम न्यायालयात हा प्रश्न तेव्हाच निकाली निघाला, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, आणि त्या निकालावर विसंबून मी इथे संसार केला, वकिली केली. माझ्या पत्नीने सरकारी जमीन घेतली. आता मागे फिरता येणार नाही. १९२६ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दाद ऐकायला नकार दिला. न्यूयॉर्क राज्यातल्या शेनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या शंकर लक्ष्मण गोखले यांचा खटलाही याच वाटेने गेला. अपील न्यायालयात ते हरले, आणि १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकारलाच माघार घ्यावी लागली.

थिंड यांचं पुढे काय झालं? १९१८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात मिळालेलं नागरिकत्व चार दिवसांत गेलं होतं. १९२० मध्ये ओरेगनमध्ये पुन्हा मिळालं, ते १९२३ च्या निकालाने गेलं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी १९३५ मध्ये नवा कायदा झाला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कमधून ते तिसऱ्यांदा नागरिक झाले. माणूस एकच, राज्यं तीन, आणि प्रत्येक वेळी वेगळा न्यायाधीश.

केंद्राचे आणि राज्याचे कायदे अलग असले तरी एकमेकांच्या अंगणात त्यांचे पाय पडतात, आणि आपली मुलं नेमकी तिथे ठेचकाळतात. २०१० चा पॅडिला विरुद्ध केंटकी हा खटला मुलाला अमेरिकेला धाडणाऱ्या प्रत्येक घराने माहीत करून घ्यावा असा आहे. होन्डुरासमध्ये जन्मलेले होजे पॅडिला चाळीस वर्षं अमेरिकेत कायम रहिवासी होते, व्हिएतनाम युद्धात त्या देशासाठी लढले होते. ट्रकमध्ये गांजा सापडला. वकिलाने सांगितलं, गुन्हा कबूल करा, इतकी वर्षं राहिलात, इमिग्रेशनची काळजी नको. कबुलीने हद्दपारी जवळजवळ अटळ झाली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की परदेशी अशिलाला कबुलीचे हे परिणाम सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. म्हणजे राज्याच्या न्यायालयात ‘किरकोळ दंड भरून मोकळा हो’ असा सल्ला मिळाला, तर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करायचा. दोन वकिलांनी एकमेकांशी बोलायला हवं, आणि ते बोलतील याची काळजी अशिलाने घ्यायची. वाळूजच्या कारखान्यातल्या सवयीप्रमाणे ‘साहेब बघतील’ म्हणून चालत नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविस या सरकारी यंत्रणेतल्या नोंदी एकाएकी बंद झाल्या. त्यांत भारतीय पुष्कळ. कित्येकांच्या नावावर वाहतुकीचा गुन्हा किंवा कधीच मिटलेली एखादी पोलिस नोंद होती. मुलं वेगवेगळ्या राज्यांतल्या फेडरल जिल्हा न्यायालयांत गेली, एकामागून एक तात्पुरते आदेश मिळाले आणि महिना संपण्याआधी सरकारने नोंदी पुन्हा सुरू केल्या. ज्यांनी पहिल्या आठवड्यात वकील गाठला त्यांतल्या बऱ्याच जणांना आदेश मिळाला. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातली माणसं भली असतात, पण ती विद्यापीठाची असतात. न्यायालयात उभं राहणं त्यांचं काम नाही.

आता वकील पारखायचा कसा. अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक राज्याच्या बारच्या वेबसाइटवर नाव टाकलं की परवाना चालू आहे का, आधी कधी शिक्षा झाली आहे का, हे फुकट कळतं. हे काम पुंडलिकनगरमधल्या घरी बसून मोबाइलवर दहा मिनिटांचं आहे, आणि तरी ते कोणी करत नाही. चार कोटींचा फ्लॅट घेताना आपण सर्च रिपोर्ट काढतो. वकिलांची संघटना म्हणून १९४६ पासून चालत आलेली अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशन आहे, तिचं सभासदत्व ही जमेची बाजू, पण परवान्याची जागा ते घेत नाही. वकील नसलेले, पण अमेरिकेच्या न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधीही असतात. ते मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थांमधून काम करतात आणि गरीब माणसाला तेच परवडतात. परवानाधारक वकील आणि असे प्रतिनिधी, या दोहोंत न बसणारा कोणीही पैसे घेऊन तुम्हाला कायद्याचा सल्ला देत असेल तर ते बेकायदा आहे.

‘नोटरी’ शब्दाची गंमत इथेच सांगायला हवी. लॅटिन अमेरिकेत नोटारियो हा मोठा कायदेपंडित असतो. अमेरिकेतला नोटरी फक्त सही झाली एवढी साक्ष देतो. या एका शब्दाच्या आडोशाने स्पॅनिश बोलणाऱ्या हजारो कुटुंबांची फसवणूक झाली आहे. आपल्याकडे नोटरी हा वकीलच असतो, त्यामुळे आपल्या माणसाचाही पाय त्याच खड्ड्यात पडू शकतो.

वकील खरंच तुमचा आहे का, याची एक साधी खूण आहे. अमेरिकन खात्याकडे तो जी-२८ नावाचा फॉर्म दाखल करतो. आपला वकालतनामाच म्हणा. त्यावर त्याची सही हवी, परवान्याचं राज्य हवं. फॉर्म भरतो पण जी-२८ वर सही करत नाही, असा माणूस उद्या हात झटकायला मोकळा. अर्जाची पोच आली की तिची प्रत आपल्याकडे हवी. फी बहुतेक ठिकाणी कामाच्या टप्प्याप्रमाणे ठोक असते, तिचा लेखी करार मागायला लाजू नये. आणि कोणीही ‘शंभर टक्के काम होईल’ म्हटलं की उठून यावं. तिथल्या वकिलाला निकालाची हमी देता येत नाही. आपल्या इथे तर निकालातल्या टक्क्यावर फी ठरवायलाही मनाई आहे.

नोकरदारांचा एक वेगळा पेच असतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या बहुतेक मुलांचा वकील कंपनीने नेमलेला असतो. तो कंपनीचा वकील असतो आणि मुलाचाही, अशी दुहेरी वकिली तिथे मान्य आहे. दोघांचं हित एका दिशेला असेपर्यंत काही बिघडत नाही. नोकरी गेली, बढती अडली, दुसरीकडे जायचं ठरलं, की हित फाटतं आणि मग तो वकील कंपनीचा राहतो. ग्रीन कार्डासाठीच्या लेबर सर्टिफिकेशनचा कंपनीच्या वकिलाचा खर्च २००७ पासून मालकानेच करायचा असतो. तो पगारातून कापला जात असेल तर तो नियमभंग आहे. त्यातून नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००, आणि एका देशाला त्यातली साधारण ७ टक्के. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे वर्षानुवर्षं हलत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या फीची घोषणा झाली तेव्हा त्या शनिवार-रविवारी कित्येकांनी कंपनीच्या वकिलाच्या ईमेलवर विसंबून विमानं पकडली किंवा सोडली. स्वतःचा वकील एकदा तरी पैसे देऊन गाठावा, तासाभराच्या सल्ल्यासाठी का होईना.

तिथे सरकारी खर्चाने वकील मिळेल या भ्रमात राहू नये. गुन्ह्याच्या खटल्यात गरिबाला वकील देणं १९६३ पासून राज्यांना बंधनकारक आहे. हद्दपारीचा खटला दिवाणी मानला जातो. वकील लावायचा हक्क आहे, खर्च स्वतःचा. याबाबतीत आपली व्यवस्था उदार आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा फोन क्रमांक देशभर चालतो.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं हाच १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. नोंदणी पाहणाऱ्या संस्थेचं नाव २०२५ पासून इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी झालं आहे. कॅनडात वकिलाशिवाय परवानाधारक सल्लागारही चालतात आणि त्यांची नोंद ‘कॉलेज’ म्हणवणाऱ्या त्यांच्या नियामक संस्थेच्या यादीत तपासता येते. संभाजीनगरातल्या ‘कॅनडा पीआर’च्या पाटीखाली बसलेल्या माणसाला त्याचा क्रमांक विचारून पाहावा, संभाषण लवकर संपतं. क्यूबेक प्रांत स्वतःची माणसं स्वतः निवडतो आणि तिथला दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा आहे. ऑस्ट्रेलियात एजंटांची सरकारी नोंदणी आहे. जर्मनीत स्थलांतर कायद्याचे विशेषज्ञ वकील ही अधिकृत पदवीच आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून परिचारिका आणि आयटीआयच्या मुलांत जर्मनीचं वारं आहे. तिथेही परदेशी नागरिकांचं कार्यालय स्थानिक असतं आणि एकाच कायद्याचा अर्थ शहरागणिक थोडा बदलतो. नोकरीचा करार जर्मन भाषेत असेल तर सही करण्याआधी तो आपल्या भाषेत वाचून घ्यावा, एवढं तरी.

आखाताची गोष्ट वेगळी, आणि मराठवाड्यातल्या गरीब घरांसाठी तीच जास्त महत्त्वाची. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट असते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली अशा माणसाला ठरावीक देशांत कामाला जायचं तर ई-मायग्रेट यंत्रणेतून परवानगी लागते. माणसं पाठवणारा एजंट नोंदणीकृत हवा, आणि त्याने कामगाराकडून घ्यायच्या फीला ३०,००० रुपये आणि जीएसटी ही कमाल मर्यादा आहे. गल्लीतला उपएजंट लाख-दीड लाख मागतो तेव्हा तो मागणीच्या क्षणीच कायदा मोडत असतो. अशा कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचं संरक्षण मिळतं, हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये. व्हिजिट व्हिसावर पाठवणारा एजंट हे सगळं वाचवतो म्हणून तो स्वस्त वाटतो. तिकडे अडकल्यावर दूतावासाकडे ‘मदद’ पोर्टलवरून तक्रार करता येते, आणि गरजू माणसाच्या वकिलाचा खर्च भारतीय समुदाय कल्याण निधीतून होऊ शकतो.

सगळ्यात अवघड गाठ लग्नाची. १९९१ चा वाय. नरसिंह राव खटला आंध्रचा आहे, पण तो आपल्या कोणत्याही घरातला वाटावा. लग्न तिरुपतीला, हिंदू विवाह कायद्याने. पतीने मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या न्यायालयातून घटस्फोट मिळवला. तिथे नव्वद दिवसांच्या वास्तव्यावर अर्ज करता येत होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही, कारण आपल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर तो दिला होता आणि पत्नी त्या न्यायालयाला शरण गेलेली नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ आजही याच अर्थाने वाचलं जातं. तेव्हा अमेरिकेतून नोटीस आली की ती दुर्लक्षित करावी की उत्तर द्यावं, आणि उत्तर दिलं तर ‘तुमचं अधिकारक्षेत्रच मान्य नाही’ असं नोंदवून द्यावं का, हे ठरवायला इथला आणि तिथला असे दोन वकील लागतात. मुलाच्या ताब्याच्या बाबतीत तर तिथला हिशेब महिन्यांचा आहे. जवळजवळ सगळ्या राज्यांनी स्वीकारलेल्या एका समान कायद्याने, मूल सलग सहा महिने ज्या राज्यात राहिलं ते त्याचं ‘गृहराज्य’. भारत हेग बालअपहरण करारात नाही. आपलं सर्वोच्च न्यायालय २०१७ पासून सांगत आलं आहे की परदेशी आदेशापेक्षा मुलाचं हित वरचढ. त्यामुळे टेक्सासचा आदेश आणि इथल्या कुटुंब न्यायालयाचा आदेश समोरासमोर उभे राहतात. अनिवासी भारतीयांच्या लग्नांच्या नोंदणीचं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत आलं आणि कायदा न होताच राहिलं. विधी आयोगाने २०२४ मध्ये २८७ व्या अहवालात पुन्हा तोच विषय मांडला.

मग इथल्या वकिलाला काम उरतं का? भरपूर, आणि ते पाटीवर लिहिण्याजोगं नसतं. अमेरिकेतला वकील एक दिवस ईमेल धाडतो: जन्माचा दाखला, आईवडिलांच्या नावासकट. गंगापूरच्या खेड्यात १९८५ मध्ये घरी जन्मलेल्या मुलाची नोंदच नसते. मग नोंद नसल्याचा दाखला, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, शाळेचा निर्गम उतारा, किंवा उशिराची नोंद. एक वर्षानंतरच्या नोंदीसाठी पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. ऑक्टोबर २०२३ पासून ते काम कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आलं. त्यात जन्मदाखल्यावर औरंगाबाद, आधारवर छत्रपती संभाजीनगर, आणि परदेशी अधिकाऱ्याला बिहारमधलं औरंगाबादही नकाशावर दिसतं. राजपत्राची प्रत आणि एक स्वच्छ प्रतिज्ञापत्र जोडलं की भागतं, पण ते वेळेवर जोडणारा हवा. कागदाला राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ मध्ये आला. अमिरात त्यात नाही, म्हणून दुबईला जाणाऱ्याला दूतावासाचा शिक्काही घ्यावा लागतो. आडनावातलं एक अक्षर इकडे-तिकडे झाल्याने अर्ज वर्षभर लटकतो, आणि ते अक्षर दुरुस्त करणारा वकील अदालत रोडवरच सापडतो.

याच शहराने इमिग्रेशनचा मोठा खटला पाहिला, तोही उलट्या दिशेचा. २०२० च्या टाळेबंदीत तबलिगी जमातच्या दिल्लीतल्या मरकजहून आलेले परदेशी नागरिक अहमदनगर जिल्ह्यात मशिदींत राहिले होते. पर्यटक व्हिसाची अट मोडल्याचे, परदेशी नागरिक कायद्याखालचे आणि साथरोग कायद्याखालचे गुन्हे त्यांच्यावर दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० ला औरंगाबाद खंडपीठाच्या न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि एम. जी. सेवलीकर यांनी २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. धार्मिक स्थळी जाणं, प्रवचन ऐकणं याला पर्यटक व्हिसाची बंदी नाही, असं निकालात होतं. साथीच्या वेळी सरकार बळीचा बकरा शोधतं, हा त्यातला शेरा देशभर गाजला. न्यायमूर्ती सेवलीकरांनी निकाल मान्य करतानाही काही निरीक्षणांपासून स्वतःला अलग ठेवलं होतं. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, इंडोनेशिया अशा देशांच्या त्या माणसांना परक्या राज्याची न्यायव्यवस्था जालना रोडवरच्या खंडपीठात भेटली. त्यांचा अर्ज होता फौजदारी गुन्हा रद्द करण्याचा, आणि ‘इमिग्रेशन वकील’ अशी पाटी त्यात कुणाला लागली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेन आणि इतर देशांतली मुलं वर्षानुवर्षं शिकायला येत आहेत. १८० दिवसांहून लांब व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी, मुदत वाढवायची तर पुन्हा अर्ज. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट लागू झाला आणि १९२० पासूनचे चार जुने कायदे गेले. कायदा केंद्राचा, नोंदणी करून घेणारे पोलिस राज्याचे, घराचा भाडेकरार स्थानिक, आणि दाद मागायची ती खंडपीठात. अशा मुलाला अदालत रोडवर कोणी वकिलाकडे नेलंच, तर चांगला वकील फाइल उघडण्याआधी एवढंच विचारतो, ‘बाबा रे, नोटीस कोणाची आहे?’